आईंचे गुडघे, दिवे घाट आणि तुमचा घोटा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ राहील. आईंचं वय ६१, वजन ७४ किलो, उंची पाच फूट एक इंच. दोन्ही गुडघे तीन वर्षांपासून दुखतात, उजवा जास्त. एक्स-रेच्या रिपोर्टवर ‘ग्रेड ३’ लिहिलंय. दहा दिवस मशीनचा शेक घेतला, आठवडाभर बरं वाटलं आणि मग ये रे माझ्या मागल्या. शेजारपाजारचे सांगतात, चालू नका, जिने चढू नका, गादी आणखी झिजेल. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आणि आईंना येत्या आषाढीच्या वारीत माउलींच्या पालखीबरोबर निदान पुणे ते सासवड हा टप्पा चालायचाय. हातात सात महिने आहेत. जाता जाता तुम्ही स्वतःचंही लिहिलंय: सहा महिन्यांपूर्वी सिंहगड उतरताना डावा पाय मुरगळला, आणि तेव्हापासून तोच पाय आणखी तीनदा मुरगळला.

मी चोवीस वर्षं फिजिओथेरपी करतेय, त्यातली बरीचशी गुडघ्यांच्या सहवासात गेली. आईंना मी तपासलेलं नाही, त्यामुळे खालचं सगळं तुमच्या जवळच्या फिजिओथेरपिस्टला दाखवून, त्यांच्या नजरेखाली करा. पण एक गोष्ट न तपासताही सांगते: ‘चालू नका’ हा त्यांना मिळालेला सगळ्यात महागडा फुकटचा सल्ला आहे.

गुडघेदुखीची आपली भाषाच मोटार गॅरेजमधली आहे. गादी झिजली, ग्रीस संपलं, गॅप आलाय. (गंमत म्हणजे ‘गॅप आलाय’ म्हणतात तेव्हा खरं तर हाडांमधला गॅप गेलेला असतो.) या भाषेतून निघणारा निष्कर्ष ठरलेला: जितकं वापराल तितकं झिजेल, म्हणून जपून ठेवा. टायरला हे लागू पडतं. गुडघ्याला नाही, कारण टायर जिवंत नसतो. सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे लोक जिला गादी म्हणतात तिला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं, आणि तो द्रव आत जायला दाब पडावा लागतो, मग सुटावा लागतो. भांडी घासायचा स्पंज दाबून सोडला की पाणी ओढून घेतो, तसं. आठ तास सोफ्यावर बसलेल्या गुडघ्याला हे मिळत नाही. सकाळी उठल्यावर किंवा सिनेमा बघून उठताना पहिली दहा पावलं आखडलेली आणि नंतर मोकळी, हा अनुभव आईंना असणारच. विचारून बघा.

दुसरं, कूर्चेत मज्जातंतूही नसतात. म्हणजे झिजलेली ‘गादी’ स्वतः दुखत नाही. दुखतं ते तिच्याखालचं हाड, सांध्याचं अस्तर, भोवतालचे स्नायुबंध (लिगामेंट), ताणलेले स्नायू. म्हणून एक्स-रे आणि वेदना यांची सांगड अनेकदा बसत नाही. ग्रेड ३ चा रिपोर्ट घेऊन रोज पर्वती चढणाऱ्या बायका मी पाहिल्यात आणि ग्रेड १ असून रडकुंडीला आलेले पुरुषही. ही ग्रेड ठरवण्याची पद्धत केलग्रेन आणि लॉरेन्स या दोघांनी १९५७ साली मांडली. ० ते ४ अशी ती मोजणी आहे, आणि ती छायाचित्राची आहे, माणसाची नव्हे. अजून एक बघा: एक्स-रे उभं राहून काढलाय का झोपून? झोपून काढलेल्यात सांध्यावर भारच नसतो, त्यामुळे गॅप किती उरलाय हे त्यावरून नीट सांगता येत नाही. फिल्मच्या कोपऱ्यात ‘स्टँडिंग’ असं लिहिलेलं असतं. नसेल तर त्या ग्रेडवर फार झोप उडवून घेऊ नका.

आता आईंना खुर्चीवर बसवा आणि सांगा, ‘एकाच बोटाने दाखव, कुठे दुखतं?’ हा माझा सगळ्यात आवडता तपास आहे, कारण त्याला पैसे पडत नाहीत. बोट गुडघ्याच्या आतल्या बाजूला, सांध्याच्या फटीवर पडलं तर नेहमीची झीज समजा. फटीपासून तीनेक बोटं खाली, नडगीच्या आतल्या अंगाला पडलं, तर दुखणं सांध्याचं नसून तिथे चिकटणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्यांचं असू शकतं. जाड अंगाच्या आणि मधुमेह असलेल्या बायकांमध्ये हे फार दिसतं, आणि झिजेच्या नावाखाली वर्षानुवर्षं दुर्लक्षित राहतं. जिना उतरताना वाटीच्या मागे कळ येत असेल तर ते वाटीचं दुखणं. आणि बोट एका जागी थांबतच नसेल, पूर्ण तळहाताने मांडीपासून गुडघ्यापर्यंत ‘हे असं सगळं’ असं दाखवत असतील, तर कंबर आणि खुबा तपासल्याशिवाय गुडघ्याला हात लावू नये. खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं. पायमोजे घालताना अडतं का, जांघेत दुखतं का, पाय आत वळवताना खुबा अडतो का, हे विचारायचं. गुडघ्याला वर्षभर शेक देऊन शेवटी खुबा निघाला, अशा दोन केसेस माझ्याकडे येऊन गेल्यात.

मग मांडी. दोन्ही पाय सरळ पसरून बसवा, तुमची बोटं वाटीच्या वर आतल्या बाजूला ठेवा आणि त्यांना गुडघा खाली दाबायला सांगा. डाव्या बाजूला स्नायू लगेच टणक होईल. उजव्या बाजूला तो उशिरा येईल, मऊच राहील, किंवा आईंचा चेहरा आवळेल पण मांडी नाही. वाटीपासून दहा सेंटिमीटर वर शिंप्याच्या टेपने घेर मोजलात तर उजवी मांडी एखाद-दीड सेंटिमीटरने बारीक निघाली तरी नवल वाटू नये. सांध्यात थोडी जरी सूज किंवा पाणी असलं तरी मेंदू त्या मांडीच्या स्नायूला ‘जरा थांब’ असा निरोप पाठवतो. स्नायू थांबतो, थांबून बारीक होतो, बारीक झाला की धक्का झेलणारं कुणी उरत नाही, सांधा आणखी दुखतो आणि माणूस आणखी बसतो. शेजाऱ्यांचा सल्ला या चक्राला अजून एक ढकल देतो.

शेवटची चाचणी घड्याळाची. हातांची घडी छातीवर, साधी खुर्ची भिंतीला टेकवलेली, आणि तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजा. साठ ते चौसष्ट वर्षांच्या बाईला बारा तरी जमायला हवेत. आकडा लिहून ठेवा. तो आकडा आपल्याला एक्स-रेपेक्षा जास्त उपयोगी पडणार आहे. मात्र मोजताना नुसता आकडा बघू नका, त्या उठतात कशा ते बघा. बहुतेक जणी दुखरं पाऊल आधी पुढे सरकवतात, सगळा भार चांगल्या पायावर घेतात आणि हात नकळत मांड्यांवर जातात. उजव्याने संप केलाय हे तिथेच कळतं.

मशीनबद्दल विचारलंय. शेक, लाइट, करंट, अल्ट्रासाउंड, जे काही दहा दिवस लावलं, त्याने तात्पुरतं बरं वाटणं खोटं नाही. ऊब स्नायू सैल करते, बारीक करंट वेदनेचा निरोप काही वेळ दाबतो, आणि कुणीतरी अर्धा तास आपल्या गुडघ्याकडे लक्ष देतंय याचाही गुण येतो. पण पलंगावर पडून घेतलेल्या उपचाराने मांडीत तोळाभरही ताकद येत नाही. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेने २०२२ साली झिजेच्या संधिवातासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत व्यायाम सगळ्यांना द्या असं म्हटलंय आणि करंट, अल्ट्रासाउंड, लेझर हे देऊ नका असं स्पष्ट सांगितलंय. ‘वंगणाचं इंजेक्शन’ म्हणून जे देतात तेही नको असं त्यात आहे, आणि ग्लुकोसामाइनच्या गोळ्याही नकोत. आपल्याकडे पॅकेजच मशीनवर बेतलेलं असतं, कारण एका वेळी चार पेशंट चार मशीनना लावता येतात. व्यायाम शिकवायला मात्र माणसापुढे माणूस उभा राहावा लागतो. (ऑपरेशननंतर मांडी अजिबात उचलली जात नसेल तेव्हा स्नायूला करंट देतात, तो वेगळा विषय. तिथे मीही देते.) घरी गरम पाण्याची पिशवी हवी तर घ्या, पण व्यायामाच्या आधी दहा मिनिटं, व्यायामाऐवजी नाही.

सुरुवातीची सहा-सात वर्षं मीसुद्धा मशीनच लावत होते, आणि वर ‘मांडी घालू नका, खाली बसू नका’ असा छापील कागद सगळ्यांच्या हातात देत होते. एक आजी होत्या. भाजी निवडणं, पूजा, दुपारचं भजनी मंडळ, सगळं जमिनीवर. त्यांनी माझा कागद अक्षरशः पाळला. वर्षाने भेटल्या तेव्हा भजनाला जाणं सुटलं होतं, कारण सगळ्या खाली बसलेल्या असताना एकटीने खुर्चीवर बसायची लाज. बाथरूममध्ये घसरून बसल्या तर उठता येईना, सून येईपर्यंत दीड तास तशाच. गुडघा वाचला होता, बाकी सगळं गेलं होतं. तो कागद मी त्या दिवशी फाडला. झीज जास्त असताना मांडी घालून तास-तास बसणं त्रासाचं असतं हे खरंच, गुडघा पूर्ण दुमडला की आतला दाब वाढतो. पण जमिनीवरून उठता येणं ही या देशात चैन नाही, गरज आहे. चौरंग, मग पाट, मग दुहेरी सतरंजी असं उतरत जा. उठताना एक गुडघा टेकवा, दुसरं पाऊल पुढे रोवा, स्टुलाला धरा. बसणं पाच-दहा मिनिटांचं ठेवा. आईंनी हे आठवड्यातून दोन-तीनदा मुद्दाम करावं, आधी पलंगाशेजारी, कुणीतरी घरात असताना.

आता व्यायाम. मुख्य औषध हेच, म्हणून इथे सविस्तर सांगते.

पहिला आणि सगळ्यात मोलाचा, खुर्चीतून उठणं. हात न लावता जमत नसेल तर खुर्चीवर गोधडी चौघडी करून ठेवा. उंची वाढली की मांडीचं काम हलकं होतं. पाऊल जरा मागे, दोन्ही टाचा टेकलेल्या, अंग पुढे झुकवून उठायचं आणि बसताना मनात चार आकडे मोजत हळू बसायचं. धप्पकन बसलं की अर्धा व्यायाम वाया गेला, कारण ताकद उतरतानाही येते. गुडघे आत पडू द्यायचे नाहीत, पावलाच्या दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या रेषेत राहायला हवेत. आठ ते दहा वेळा, दोन मिनिटं थांबून परत, असं तीनदा. पंधरा दिवसांनी गोधडीची एक घडी कमी करा. घड्या संपल्या की हातात पाच लिटरचा तेलाचा डबा येतो, पण ती पुढची गोष्ट.

दुसरा, खुर्चीवर बसून गुडघा सरळ करणं. आधी वजनाशिवाय, मग अर्धा किलोची, मग एक किलोची मिठाची पुडी मोठ्या रुमालात गुंडाळून घोट्याला बांधायची. पाय सरळ झाल्यावर पाच सेकंद धरायचा, हळू सोडायचा. जिमच्या वेट कफवर पैसे घालवायची गरज नाही, मात्र पुडी आधी प्लास्टिकमध्ये बांधा, नाहीतर घरभर मीठ. हे बसून करताना वाटीच्या मागे कळ आली तर पाठीवर झोपून पाय सरळ ठेवूनच उचलायचा.

तिसरा कंबरेखालच्या मोठ्या स्नायूंसाठी: पाठीवर झोपून, गुडघे दुमडून, कंबर उचलणं. योगासनं करणारे याला सेतुबंध म्हणतात. चौथा, कुशीवर झोपून वरचा पाय सरळ ठेवून किंचित मागे नेत उचलणं. हा लोकांना गुडघ्याचा वाटतच नाही. पण चालताना एका पायावर भार आला की खुब्याच्या बाजूचा स्नायू कंबर धरून ठेवतो. तो ढिला असला की माणूस बदकासारखं दोन्ही बाजूंना झुलत चालतं आणि गुडघ्याच्या आतल्या अंगावर भार पडत राहतो. आई अशा झुलत असतील तर त्यांच्या गुडघ्याचं अर्धं औषध खुब्यात आहे. पाचवा ओट्याला धरून टाचा उचलण्याचा. दूध तापायला ठेवलं की तेवढ्या वेळात होतो.

हे एक दिवसाआड करायचं, रोज नाही. स्नायू विश्रांतीत भरतो. आणि दर दोन-तीन आठवड्यांनी काहीतरी अवघड करायचंच: वजन, उंची नाहीतर आकडा. आपल्याकडे व्यायाम आरतीसारखा होतो. रोज सकाळी तोच, दहा-दहा वेळा, वर्षानुवर्षं, आणि मग ‘व्यायाम करूनही फरक नाही’. शेवटची दोन उठबस करताना दम लागायला हवा, ‘अजून दोनच जमतील’ असं वाटायला हवं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जो फरक वाटेल तो मेंदू स्नायूला परत कामावर बोलावतोय त्याचा असेल. मांडी खरोखर भरायला आठ ते बारा आठवडे लागतात. दहा दिवसांच्या पॅकेजमध्ये हे बसत नाही. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून ‘ग्लॅड’ नावाचा कार्यक्रम चालतो. तिथे गुडघा-खुब्याच्या झिजेच्या रुग्णांना आधी आजार समजावून सांगतात, मग आठवड्यातून दोनदा असा सहा आठवडे देखरेखीखाली व्यायाम. पुढे अनेक देशांनी तो उचलला. त्यात मशीन नाही.

दुखलं तर? दुखणारच. शून्य ते दहा अशी वेदना मोजायची. व्यायाम करताना चारपर्यंत गेली तरी चालू ठेवायचं, अट एवढीच की दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा नेहमीच्या पातळीवर यायला हवी. सकाळी गुडघा सुजलेला किंवा जास्त दुखरा असेल तर आदल्या दिवशीचा डोस जास्त झाला. पुढच्या वेळी आकडा अर्धा करायचा. बंद करायचं नाही. पिठात पाणी जास्त पडलं म्हणून कुणी पोळ्या करणं सोडत नाही.

जिन्याचं त्यांना टाळता येणार नाही, मग तो नीट करू. गुडघ्यात मोजमापाची यंत्रणा बसवलेले कृत्रिम सांधे घालून शास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष भार मोजलाय: सपाट चालताना अंगाच्या वजनाच्या सुमारे अडीच पट, जिना उतरताना साडेतीन पटींच्या जवळ. चढण्यापेक्षा उतरणं जड. तेव्हा कठड्याला धरा, चढताना डावा पाय आधी, उतरताना उजवा आधी, आणि उतरताना पिशव्या दुसऱ्या कुणाला द्या. सहा आठवड्यांनी सगळ्यात खालच्या एकाच पायरीवर उजव्या पायाने चढण्याचा व्यायाम सुरू करायचा. जिना असा हळूहळू शत्रूपक्षातून आपल्याकडे येतो. काठी लागत असेल तर ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात, म्हणजे डाव्या. निम्मे लोक उलट धरतात, सिनेमातल्या म्हाताऱ्यांसकट.

वजनाबद्दल बायकांना इतकं ऐकवलेलं असतं की मला सांगतानाच अपराधी वाटतं. पण हिशेब साधा आहे: एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो. आईंचे पाच किलो म्हणजे पावलाला वीस किलो. खाणं तोडायचं नाही, त्यात स्नायूच जातो. दोन्ही जेवणांत वाटीभर उसळ किंवा घट्ट वरण, ताक, चालत असेल तर अंडं. आणि एकादशीला दुप्पट खाशी व्हायचं नाही. साबुदाण्याच्या खिचडीइतकं गुडघ्यावर बसणारं दुसरं काही मला माहीत नाही.

गोळ्यांपेक्षा आधी चोळायचं वेदनाशामक जेल वापरा. तोंडाने घ्यायच्या वेदनाशामक गोळ्या रक्तदाब, किडनी, पोट यांचा विचार करून डॉक्टरांनीच ठरवाव्यात. दुकानदाराने सुट्या दोन दिल्या म्हणून घ्यायच्या नाहीत.

शस्त्रक्रियेला माझा विरोध नाही, घाईला आहे. ‘दुर्बिणीने आतून साफ करून घ्या’ असं कुणी झिजेसाठी सुचवलं तर हे सांगा: अमेरिकेत ह्यूस्टनला १८० रुग्णांवर प्रयोग झाला, काहींची खरी दुर्बीण-शस्त्रक्रिया आणि काहींना नुसते काप घेऊन टाके. दोन वर्षांत दोन्ही गटांच्या वेदनेत फरक निघाला नाही. हे २००२ साली छापून आलं. सांधाबदल वेगळा. डेन्मार्कमध्येच, सांधाबदलाच्या उंबरठ्यावर असलेल्या १०० जणांपैकी निम्म्यांना ऑपरेशन आणि नंतर व्यायाम वगैरे, निम्म्यांना फक्त व्यायाम, आहार आणि गरजेपुरती औषधं असे उपचार दिले. २०१५ साली निकाल आला. ऑपरेशनवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण गंभीर गुंतागुंतही त्यांच्यातच जास्त, आणि दुसऱ्या गटातल्या पन्नासपैकी तेरा जणांनीच वर्षभरात ऑपरेशन करून घेतलं. तेव्हा रात्रीची झोप उडत असेल, पाय वाकडा होत चालला असेल आणि तीन-चार महिने मन लावून केलेल्या व्यायामानेही घरातल्या घरात वावरणं अवघड असेल, तर सर्जनला भेटा. तोवर भरलेली मांडी ऑपरेशननंतरही उपयोगी पडते.

काही वेळा मात्र व्यायाम वगैरे काही नाही, थेट डॉक्टर: गुडघा लालबुंद, गरम आणि सोबत ताप, पोटरी एकाच बाजूची सुजून दुखायला लागली, गुडघा अडकला आणि सरळच होईना, पडल्यावर पायावर भारच टाकता येईना, विश्रांतीतही रात्रभर ठणका आणि वजन आपोआप घटतंय.

वारी. पुणे-सासवड हा पालखीच्या वाटेवरचा लांब टप्पा, तीसेक किलोमीटर, वर दिवे घाट. पण गुडघ्यांच्या बाजूने एक गोष्ट आहे. सासवड पुण्यापेक्षा उंचावर आहे, म्हणजे घाट चढायचा असतो, उतरायचा नसतो. चढणीला दम जातो, पण गुडघा उतारापेक्षा खूश असतो. तरीही पहिल्याच वर्षी पूर्ण टप्पा नको, असं माझं मत. घाटाच्या पायथ्याच्या वडकीपासून घाटमाथ्यापर्यंत हे ध्येय ठेवा. घाटात पालखीचा तो वळणावळणांचा देखावाही तिथेच आहे, म्हणजे त्यांचं काही हुकणार नाही. आज वेदना चारच्या आत ठेवून त्या किती मिनिटं चालू शकतात ते मोजा. समजा वीस. मग पंधरापासून सुरुवात, आठवड्यातून चार दिवस, दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढ. मार्चपासून एक दिवस चढाचा रस्ता. पालखीत चालण्यापेक्षा गर्दीत ताटकळत उभं राहणं जास्त दुखतं, हे वारकरी स्वतः सांगतात. तेव्हा थांबल्यावर जागच्या जागी पाय हलवत राहायची सवय आत्ताच लावा. टाळ-मृदंग असला की ती आपोआप लागते. चप्पल नवी घ्यायची असेल तर मेपर्यंत घ्या, जाड तळव्याची, मागे पट्टा असलेली.

आता तुमचा घोटा. मुरगळलेला पाय म्हणजे साधी गोष्ट, तेल लावलं की बरी, या समजाची किंमत तुम्ही तीनदा मोजलीये. पाऊल आत वळून लचकलं की बाहेरच्या घोट्याच्या पुढचा स्नायुबंध ताणतो किंवा फाटतो. पहिल्या दिवशी एक्स-रे काढावा का, यासाठी कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ साली सोपे नियम दिले: लगेच आणि नंतर तपासतानाही चार पावलं टाकता येत नाहीत, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेला खालच्या सहा सेंटिमीटरमध्ये, करंगळीच्या बाजूच्या हाडाच्या मुळाशी, अथवा पावलाच्या आतल्या कमानीवरच्या हाडावर दाबल्यावर कळ येते, तर एक्स-रे. नाहीतर बहुधा नको. हाडवैद्याकडे जाऊन ‘शीर बसवून’ घेण्याआधी एवढं तरी पाहावं.

तुमचा स्नायुबंध सहा महिन्यांत बहुतेक जुळला असेल. जुळली नाही ती खबर. स्नायुबंधात आणि भोवतालच्या स्नायूंत बारीक संवेदक असतात. पाऊल किती कललंय हे ते मेंदूला सांगतात. दुखापतीनंतर ती खबर उशिरा पोचते, आणि दगडावर पाऊल कललं की सावरणारा स्नायू वेळेवर येत नाही. म्हणून तेच पाऊल, तीनदा. करून बघा: दात घासताना डाव्या पायावर तीस सेकंद उभे राहा. मग डोळे मिटून, बेसिनला हात पोचेल एवढ्या अंतरावर. उजव्यावर जेवढं जमतं त्याच्या निम्मंही डाव्यावर जमणार नाही, अशी माझी पैज आहे. दुसरं, भिंतीसमोर पाऊल ठेवून टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा आणि अंगठा किती मागे नेता येतो ते मोजा. दोन्ही पायांत दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर घोटा आखडलाय. हीच चाल पंधरा-वीस वेळा, दिवसातून दोनदा, हाच उपाय.

रोज पाच मिनिटं एका पायावर तोल: आधी जमिनीवर, मग दुमडलेल्या उशीवर, मग कुणीतरी चेंडू टाकतंय आणि तुम्ही झेलताय. एका पायावर टाच उचलणं, वीस-पंचवीसपर्यंत. ते जमल्यावर छोट्या उड्या, पुढे-मागे, मग तिरक्या. दोन-तीन महिने. तोलाच्या या सरावाने पुन्हा मुरगळणं बरंच कमी होतं, आणि खेळताना किंवा ट्रेकला वर्षभर लेस बांधायचा अँकल ब्रेस घातला तर आणखी. डाव्या पायावर डोळे मिटून उजव्याइतकं उभं राहता आलं आणि एका पायावर दहा उड्या न दुखता झाल्या, की सिंहगड पायवाटेने उतरा. तोवर चढून जा, वर पिठलं-भाकरी खा आणि उतरताना जीपने या.